कृतिसंशोधनाचा ढीग समोर आहे: विश्लेषणात काय घ्यायचे, काय बाजूला ठेवायचे?

प्रश्न असा आहे: तिसरीच्या २८ मुलांसोबत हातच्याच्या वजाबाकीवर १२ आठवड्यांचे कृतिसंशोधन, म्हणजे शिक्षकाने स्वतःच्याच वर्गातल्या अडचणीवर उपाय करून घेतलेला शोध, झाले. हाताशी पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीचे पेपर, सगळ्या मुलांच्या गणिताच्या वह्या, शिक्षकाची रोजची नोंदवही, ९ तासिकांचे ध्वनिमुद्रण, मोबाइलमधले दोनशेवर फोटो, पालकांच्या प्रश्नावल्या आणि शाळेच्या दप्तरातल्या मूल्यमापन नोंदी आहेत. अहवाल साठ-सत्तर पानांत बसवायचा आहे. यातली कोणती माहिती विश्लेषणासाठी घ्यायची, कोणती सोडायची, आणि सोडलेल्या माहितीचे काय करायचे?

इथे तीन निर्णय एकमेकांत मिसळले आहेत, ते आधी वेगळे करून घ्या. कपाटात काय सांभाळायचे हा पहिला. विश्लेषणासाठी टेबलावर काय घ्यायचे हा दुसरा. अहवालात काय छापायचे हा तिसरा. बरेच शिक्षक तिसऱ्यापासून सुरुवात करतात. पाने मोजतात, त्यात शोभेल ते निवडतात आणि त्या निवडीचेच विश्लेषण करतात. असे केले की निष्कर्ष आधी ठरतो आणि पुरावा त्याच्या मापाने कापला जातो. क्रम नेमका उलटा ठेवा. अहवाल स्वीकारला जाईपर्यंत कपाटातून काहीही बाहेर जाऊ देऊ नका. याला संमतीचा एक अपवाद आहे, तो पुढे येईल. टेबलावर काय यायचे ते नियमाने ठरवा, आणि तो नियम निकाल पाहण्याआधी लिहून काढा. छपाईचा विचार सगळ्यात शेवटी करा.

पहिले काम यादीचे. कंटाळवाणे आहे, पण एका रविवारी होते आणि पुढचे सगळे त्यावर उभे राहते. एका तक्त्यात प्रत्येक वस्तूची एक ओळ करा: क्रमांक, तारीख, कोणाकडून मिळाली, कोणी तयार केली, किती पाने किंवा मिनिटे, आणि ती त्याच दिवशी नोंदवली की नंतर. मुलांना वि०१ ते वि२८ असे क्रमांक द्या. नोंदवहीला ‘नों’, ध्वनिमुद्रणाला ‘ध्व’, चाचणीला ‘चा’ असे एकेक अक्षर पुरते. मुलाचे नाव आणि क्रमांक यांची जोडी दाखवणारा कागद मात्र या फाइलमध्ये ठेवू नका, तो वेगळा आणि कुलपात ठेवा. यादी झाली की बऱ्याचदा लक्षात येते की ढीग दिसतो तेवढा मोठा नाही: निम्मे फोटो एकाच दिवसाचे असतात, पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात नोंदवही कोरीच असते, ध्वनिमुद्रणे सगळी सोमवारची असतात. ही विषमता आत्ताच टिपून ठेवा. अहवालाच्या मर्यादांमध्ये ती जशीच्या तशी जाते.

दुसरे काम प्रश्नाचे. ‘गठ्ठे आणि सुट्या काड्यांच्या साहाय्याने हातच्याची वजाबाकी सुधारणे’ हे शीर्षक झाले. त्यावरून माहिती निवडता येत नाही. त्याचे दोन किंवा तीन उपप्रश्न करा. उदाहरणार्थ: मुले वजाबाकीत नेमकी कुठे अडतात? काड्यांचे गठ्ठे वापरल्यावर कोणत्या चुका कमी झाल्या आणि कोणत्या तशाच राहिल्या? काड्या काढून घेतल्यावर मुले काय करतात? आता यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर ती कोणत्या उपप्रश्नाला उत्तर देऊ शकते ते लिहा. ‘देऊ शकते’ एवढेच पाहायचे. अपेक्षित उत्तर देते का, हे या टप्प्यावर पाहायचे नाही. एकाही उपप्रश्नाशी नाते नसलेली वस्तू कपाटात राहील. एखाद्या उपप्रश्नासमोर काहीच उरले नाही, तर तो उपप्रश्न सोडा. त्यासाठी आत्ता नवी माहिती तयार करू नका.

गुण ठेवायचे की पेपर?

संगणकात गुणांचा तक्ता भरला की उत्तरपत्रिका रद्दीत जातात, हे कृतिसंशोधनातले सगळ्यात महागडे नुकसान आहे. का ते एका उदाहरणात पाहा. ५२ मधून २७ वजा करायचे आहेत. बरोबर उत्तर २५. दोन मुलांनी ३५ लिहिले. पहिल्याने एककाच्या घरात सरळ मोठ्या अंकातून लहान अंक काढला: ७ मधून २ गेले, उरले ५, दशकात ५ मधून २ गेले, उरले ३. दुसऱ्याने दशक सुटा केला, १२ मधून ७ काढून ५ लिहिले, पण दशकाच्या घरातला ५ चा ४ करायला विसरला. ५ मधून २ गेले, उरले ३. दोघांचे उत्तर ३५, दोघांना गुण शून्य. पहिल्याला दशक सुटा करणे ही कल्पनाच पोहोचलेली नाही, दुसऱ्याला ती पोहोचली आहे पण हिशेब अर्धा सुटला आहे. दोघांना लागणारी मदत वेगळी, आणि तुमच्या उपक्रमाने दोघांवर केलेला परिणामही वेगळा असणार. गुणांच्या तक्त्यात ही दोन मुले एकसारखी दिसतात.

म्हणून चाचणीचा मूळ कागद, कडेला केलेल्या खाडाखोडीसह, विश्लेषणाच्या टेबलावर हवाच. आणि सगळ्याच उदाहरणांना सारखे वजन देऊ नका. ५२ − २७ मध्ये दोन चुका एकच उत्तर देतात कारण एककातल्या अंकांमधला फरक बरोबर ५ आहे. ६३ − २८ मध्येही तेच होते, दोन्ही चुकांचे उत्तर ४५ येते. ५४ − २६ घेतले तर पहिली चूक ३२ देते आणि दुसरी ३८, बरोबर उत्तर २८. नुसते उत्तर पाहून चूक ओळखायची असेल तर दुसऱ्या प्रकारची उदाहरणे पुरावा म्हणून ठेवा. पहिल्या प्रकारची उदाहरणे जिथे मुलाने खुणा केल्या आहेत किंवा तोंडी सांगितले आहे तिथेच वापरा. शून्य असलेली उदाहरणे विशेष जपा. ४०२ − १५६ चे उत्तर २४६. ३५४ आले तर मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढते आहे. ३४६ आले तर त्याने शून्याचा ९ केला, पण शतकाच्या घरातला ४ कमी केला नाही. वर्गाची सरासरी वर गेली असतानाही ही शेवटची चूक टिकून राहू शकते, आणि काड्यांच्या गठ्ठ्यांनी नेमके काय साधले व काय नाही याचे उत्तर अशाच चार-दोन उदाहरणांत असते.

पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीत अशा उदाहरणांचे प्रमाण वेगवेगळे असेल तर दोन्ही सरासऱ्या शेजारी ठेवून तुलना करू नका. दोन्हीकडे एकाच प्रकारची उदाहरणे निवडा, तेवढ्यांचीच तुलना करा, आणि बाकीची उदाहरणे का वगळली ते एका ओळीत लिहा.

गेलेली मुले

बीडपासून सोलापूरपर्यंतच्या अनेक गावांत दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलेही जातात. सप्टेंबरात पूर्वचाचणी घेतली आणि डिसेंबरात उत्तरचाचणी, तर पट बदललेला असणारच. शहरातल्या शाळेतही दाखले जातात, आजारपणे येतात. या मुलांची माहिती ‘अपूर्ण’ म्हणून सरसकट काढून टाकली जाते, आणि इथे नकळत निकाल फिरतो.

समजा पूर्वचाचणी २८ मुलांनी दिली आणि तिची सरासरी २० पैकी ८.१ आली. उत्तरचाचणी २३ मुलांनी दिली, सरासरी १३. अहवालात ‘८.१ वरून १३, म्हणजे ४.९ गुणांची वाढ’ असे लिहिले जाते. आता त्याच २३ मुलांची पूर्वचाचणीची सरासरी काढा. ती ९ आली, तर खरी वाढ ४ गुणांची आहे. उरलेले ०.९ कोणाच्याही शिकण्याने आलेले नाहीत. गेलेल्या ५ मुलांची सरासरी ४ होती, ती खालच्या टोकाची मुले गेली म्हणून आकडा वर सरकला.

नियम असा करा. ‘काय बदलले’ या प्रश्नासाठी दोन्ही चाचण्या दिलेलीच मुले घ्या. ‘मुले कुठे अडतात’ या प्रश्नासाठी सगळीच्या सगळी २८ घ्या, कारण गेलेल्या मुलांच्या चुका तितक्याच खऱ्या आहेत, आणि बहुधा सर्वांत जास्त सांगणाऱ्या आहेत. प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर मुलांची संख्या लिहा. गेलेल्या मुलांची पूर्वचाचणीची सरासरी वेगळी दाखवा. मध्येच दाखल झालेल्या मुलांना चाचणीच्या तुलनेत घेता येत नाही, पण वह्यांच्या विश्लेषणात घेता येते. टी-चाचणी (दोन सरासऱ्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे तपासणारे सूत्र) वापरायची असेल तर ती जोडीच्या गुणांची वापरा, कारण दोन्ही वेळा तीच मुले आहेत. दोन स्वतंत्र गटांचे सूत्र इथे लागू होत नाही, तरी बी.एड.च्या अहवालांत तेच वारंवार दिसते.

विशेष गरजा असलेल्या मुलाचे गुण ‘सरासरी बिघडते’ म्हणून काढणे हा वगळण्याचा आधार होऊच शकत नाही. ते मूल तुमच्या वर्गात आहे आणि उपक्रम त्याच्यासाठीही होता. चाचणी त्याला वाचून दाखवली, जास्त वेळ दिला, असे काही केले असेल तर ती परिस्थिती नोंदवा आणि त्याचा निकाल ठेवा.

वह्या: सगळ्या वाचायच्या का?

२८ मुले, १२ आठवडे, आठवड्याला वजाबाकीची ३ पाने धरली तर १००८ पाने होतात. एवढी पाने एकट्याने सारख्याच बारकाईने वाचून होत नाहीत. पहिल्या दोनशेंना तुम्ही खूप वेळ देता आणि शेवटची सहाशे नुसती चाळता. त्यापेक्षा दोन थरांची निवड करा. पहिला थर: सगळ्या मुलांची, पण फक्त दुसऱ्या, सहाव्या आणि अकराव्या आठवड्याची पाने. २८ गुणिले ९, म्हणजे २५२. दुसरा थर: ६ मुलांच्या संपूर्ण वह्या, ६ गुणिले ३६, म्हणजे २१६. दोन्हीकडे येणारी ५४ पाने वजा केली की ४१४ उरतात. पानाला दोन मिनिटे धरली तर साधारण १४ तास. सुटीत बसण्यासारखे काम आहे.

ती ६ मुले कशी निवडायची हे महत्त्वाचे. पूर्वचाचणीच्या गुणांवरून वर्गाचे खालचा, मधला, वरचा असे तीन भाग करा आणि प्रत्येकातून दोन चिठ्ठ्या काढा. ‘बोलकी मुले’ किंवा ‘सुधारलेली मुले’ निवडू नका. चिठ्ठीत जी आली ती आली. त्यातल्या एखाद्याची वही फाटलेली किंवा अर्धी निघाली तर त्याच भागातून पुढची चिठ्ठी काढा आणि बदल नोंदवा. दुसरा, सहावा, अकरावा असे आठवडे निवडले आणि सहाव्यात सुटी आली, तर सातवा घ्या. पण हा निर्णय त्या आठवड्याची पाने उघडण्याआधी घ्या.

चुकांना संकेत (प्रत्येक प्रकारच्या चुकीची ठरावीक खूण) देताना आठ ते बारा प्रकार पुरतात. प्रत्येक प्रकाराची एका वाक्यात व्याख्या आणि एक नमुना उदाहरण लिहा. वीस पानांवर संकेत दिले की आठ-दहा दिवसांनी तीच वीस पाने कोरी प्रत घेऊन पुन्हा तपासा. वीसपैकी सतरा पानांवर तोच संकेत आला तर ८५ टक्के जुळले, पुढे जा. सोळाच्याही खाली गेले तर व्याख्या ढिली आहे. ती घट्ट करा, आणि तोवर पाने वगळू नका, कारण आज ‘किरकोळ’ वाटलेली चूक उद्याच्या व्याख्येत मोठी ठरू शकते. शाळेतल्या एखाद्या सहकाऱ्यालाही तीच पाने द्या, मात्र तारीख कागदाने झाकून. अकराव्या आठवड्याचे पान आहे हे कळले की डोळा सुधारणा शोधू लागतो. तुमचा तर नक्कीच, कारण कष्ट तुमचे आहेत.

ध्वनिमुद्रण

९ तासिका, प्रत्येकी ३५ मिनिटे, म्हणजे ३१५ मिनिटे. वर्गातला मराठी संवाद शब्दशः उतरवायला, मुले एकदम बोलतात हे धरून, मुद्रणाच्या सहापट वेळ सहज जातो. पूर्ण लेखन म्हणजे ३० तासांवर काम. ते करू नका. प्रत्येक मुद्रणाचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे पाडा, ६३ तुकडे होतील. एकदा सलग ऐकत प्रत्येक तुकड्यासमोर एकच ओळ लिहा: कोण बोलले, कशावर, काड्या वापरात होत्या का, कोणी अडले का. मग उपप्रश्नांशी थेट जोडलेले १० ते १२ तुकडे शब्दशः उतरवा. त्यात निदान तीन तुकडे असे हवेत जिथे उपक्रम फसला: काड्या सांडल्या आणि मूल मोजत बसले, किंवा गठ्ठा न सोडताच उत्तर दिले. पुढचे तीन तुकडे उतरवूनही नवा मुद्दा निघाला नाही, की थांबा.

लेखन करताना मुलांची बोली प्रमाण मराठीत बदलू नका. ‘हातचा घेतला पण दिला न्हाई’ हे वाक्य ‘हातचा परत केला नाही’ असे लिहिले, तर मूल देण्या-घेण्याच्या भाषेत विचार करते आहे हा पुरावाच पुसला जातो. शिक्षकाचे स्वतःचे बोलणेही उतरवा. तीन शब्दांच्या उत्तराआधी तुम्ही किती इशारे दिले, हे तिथेच दिसते, आणि ‘मुलाने स्वतः सांगितले’ असे लिहिण्याआधी ते पाहावे लागते.

नोंदवही

नोंदवहीतली वाक्ये दोन रंगांत वेगळी करा. ‘वि१४ ने गठ्ठा सोडला, बारा काड्या मोजल्या, सात बाजूला केल्या’ ही पाहिलेली गोष्ट आहे. ‘आज मुलांना खूप आनंद झाला’ हे वाटलेले आहे. वाटलेले फेकायचे नाही. तुम्ही बदललात का, कोणत्या दिवशी उपक्रमाची दिशा फिरवली, याचे उत्तर तिथेच मिळते, आणि व्यावसायिकाने स्वतःच्या कामाचा घेतलेला शोध शिक्षकाच्या विचारातल्या बदलाशिवाय पुरा होत नाही. मात्र मुले शिकली याचा पुरावा म्हणून ती वाक्ये चालत नाहीत.

कोणती नोंद कधी लिहिली, हेही पाहा. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत लिहिलेली नोंद, त्या आठवड्यात लिहिलेली आणि अहवालाच्या वेळी आठवून लिहिलेली, या तिघींना वेगळ्या खुणा करा. तिसऱ्या प्रकारची नोंद ‘आठवणीतून’ असे म्हणून वापरता येते. तिच्यावर जुनी तारीख घालून ती त्या दिवसाची नोंद म्हणून देता येत नाही. कोरे आठवडे कोरेच राहू द्या. कोऱ्या जागेने संशोधन कमकुवत होत नाही, भरलेल्या खोट्या जागेने होते.

फोटो, प्रश्नावल्या, दप्तर

फोटोंमध्ये दोन गट पडतात. काड्या हातात घेऊन हसणाऱ्या मुलांचे फोटो वजाबाकीबद्दल काहीच सांगत नाहीत, ते विश्लेषणातून बाहेर. पाटीचे फोटो मात्र मोलाचे, कारण पाटी पुसली की दुसरी नोंद उरत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत मूळ तारीख-वेळेची माहिती सहसा उरत नाही, म्हणून मूळ मोबाइलमधली फाइल शोधा किंवा ती दस्तऐवज म्हणून मागवा. तारीख कळलीच नाही तर तो फोटो बदल दाखवायला वापरू नका.

पालकांच्या प्रश्नावलीत ‘पाल्याची गणितातील आवड वाढली का?’ याला जवळजवळ सगळ्यांनी ‘होय’ म्हटले असेल, तर त्या स्तंभातून काही कळत नाही. शिक्षकाने विचारले की पालक होय म्हणतात, आणि कितीतरी घरांत फॉर्म मोठ्या भावंडाने भरलेला असतो. असे प्रश्न एका वाक्यात उरकून बाजूला ठेवा. मोकळ्या जागेत कोणी चार शब्द लिहिले असतील तर तेवढे घ्या.

दप्तरातल्या वर्णनात्मक नोंदी २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा भाग आहेत, पण तयार वाक्यांतून उचललेली ‘संख्येवरील क्रिया अचूक करतो’ अशी नोंद पुरावा म्हणून फार दुबळी आहे. नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे पेपर उपयोगी पडू शकतात, कारण प्रश्न तुम्ही काढलेले नसतात. त्यातून एकूण गुण न घेता वजाबाकीचे प्रश्न तेवढे घ्या. जात, आधार क्रमांक, अपंगत्वाचे प्रमाणपत्र यांतले काहीही दप्तरातून संशोधनाच्या फाइलमध्ये आणू नका. शाळेला ही माहिती दिली आहे, तुमच्या अहवालाला नाही.

जे जुळत नाही ते

प्रत्येक दाव्यासाठी एक वेगळे पाकीट करा आणि त्यावर दावा लिहा: ‘गठ्ठे वापरल्यावर मोठ्यातून लहान काढण्याची चूक कमी झाली.’ आता सगळ्या संकेतित माहितीतून या दाव्याच्या विरुद्ध जाणारे जे सापडेल ते त्या पाकिटात घाला. अकराव्या आठवड्यातही ५४ − २६ चे उत्तर ३२ लिहिणारे मूल. काड्या असताना बरोबर आणि काड्या नसताना पुन्हा चूक. आधी बरोबर करणारे आणि काड्या आल्यावर गोंधळलेले मूल. पाकीट पूर्ण रिकामे राहिले तर आनंदू नका. आधी निवडीचा नियम तपासा, कारण २८ मुलांच्या वर्गात १२ आठवड्यांत एकही अपवाद नसणे फार विरळ आहे. विरोधी पुरावा सापडला की दोन वाटा असतात. दावा अरुंद करायचा: ‘काड्या हाताशी असताना कमी झाली.’ किंवा दावा सोडायचा. पुरावा सोडण्याची तिसरी वाट नाही.

त्याच्या जोडीला वगळणीची नोंद ठेवा. पाच स्तंभ पुरतात: वस्तूचा क्रमांक, ती काय आहे, का वगळली, कधी, कोणाशी बोलून. चालणारी कारणे मोजकीच आहेत: कोणत्याही उपप्रश्नाशी संबंध नाही, वाचता किंवा ऐकू येत नाही, तारीख कळत नाही, संमती नाही, तीच गोष्ट दुसऱ्या चांगल्या नोंदीत आहे, निवडीच्या नियमात बसली नाही. ‘निष्कर्षाशी जुळत नाही’, ‘पाने वाढतात’, ‘मार्गदर्शकांना आवडणार नाही’ ही कारणे नव्हेत. लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ मध्ये शिक्षकाकडे संशोधक म्हणून पाहण्याचा आग्रह इंग्लंडमध्ये मांडला, तेव्हापासून शिक्षकाच्या शोधाकडून पद्धतशीरपणा आणि इतरांपुढे खुलेपणा या दोन अपेक्षा आहेत. वाचणाऱ्याला तुमचा वर्ग दिसत नाही. तुम्ही काय सोडले हे तरी दिसले पाहिजे.

संमती

आता तो अपवाद. पालकाने संमती दिली नसेल किंवा नंतर काढून घेतली असेल, तर त्या मुलाची संशोधनासाठी घेतलेली माहिती टेबलावरून आणि कपाटातूनही जाते, कितीही बोलकी असली तरी. शाळेचे नेहमीचे मूल्यमापन चालूच राहते. ते वेगळे आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक आहे, त्यामुळे तिसरीच्या मुलाच्या आवाजाबद्दल, चेहऱ्याबद्दल पालकांशी बोलणे टाळता येत नाही. मुलालाही विचारा, आणि ‘नको’ म्हटले तर त्याच्या शेजारी ठेवलेला मोबाइल उचला. शिक्षकाला नाही म्हणणे मुलाला आणि पालकालाही जड जाते, म्हणून नकाराने गुणांवर काही परिणाम होणार नाही हे तोंडी आणि लेखी सांगावे लागते. शिक्षक खोलीत सहकारी जे सहज बोलले तेही त्यांना विचारल्याशिवाय माहिती होत नाही.

टोपणनाव दिले की ओळख लपते असे समजू नका. ‘ऊसतोडीहून परत आलेली, आजीकडे राहणारी, वर्गातली एकमेव’ एवढ्यावर अख्खे गाव मुलीला ओळखते. विश्लेषणाला गरज नसलेला तपशील अशा वर्णनातून काढा; हा वगळण्याचा रास्त आधार आहे आणि तोही नोंदीत लिहा.

अहवालात किती छापायचे

प्रत्येक दाव्यामागे निदान दोन वेगळ्या मार्गांनी आलेला पुरावा द्या: एक आकडा, त्याच्या शेजारी एका मुलाच्या वहीतले उदाहरण किंवा शब्दशः संवादाच्या चार ओळी. विरोधी पाकिटातला सर्वांत भक्कम तुकडा त्याच पानावर छापा, शेवटच्या ‘मर्यादा’ प्रकरणात लपवू नका. परिशिष्टात कोरी चाचणी, संकेतांच्या व्याख्या, संकेत दिलेले एक नमुना पान आणि वगळणीची नोंद एवढे पुरे. २८ उत्तरपत्रिका आणि ४० फोटो चिकटवून जाडी वाढते, तपासणी सोपी होत नाही. मार्गदर्शकांनी जास्त पानांचा आग्रह धरला तर वगळणीची नोंद पुढे करा आणि मूळ सामग्री पाहायला बोलवा.

अहवाल स्वीकारल्यावर मूळ सामग्री किती काळ ठेवायची ते तुमच्या महाविद्यालयाच्या किंवा डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) नियमाप्रमाणे ठरवा, ती मुदत संमतीपत्रात लिहिलेली असावी, आणि मुदत संपली की आधी आवाज व चेहरे, मग नावांची जोडी दाखवणारा कागद नष्ट करा. वह्या मुलांच्या आहेत, त्या परत द्या. न वापरलेल्या ध्वनिमुद्रणात घरच्या बाजारहाटाचे हिशेब सांगणारी मुले सापडली आणि त्यावर पुढचे कृतिसंशोधन करावेसे वाटले, तर पालकांकडे पुन्हा जावे लागेल, कारण त्यांनी होकार दिला होता तो वजाबाकीच्या अभ्यासाला.